आमच्या सुपरिंटेंडंट बाई: पाचपैकी साडेतीन

मागच्या आठवड्यात नोटीस निघाली. आमच्या टाउनच्या सगळ्या शाळांच्या प्रमुख, म्हणजे सुपरिंटेंडंट बाई, यांचा करार वाढवायचा शाळांच्या बोर्डाचा विचार आहे आणि त्यावर जाहीर सुनावणी होणार आहे. न्यू जर्सीत २००७ पासून तसा कायदाच आहे. चालू करार परस्पर वाढवता येत नाही, तीस दिवस आधी लोकांना कळवावं लागतं आणि लोकांचं ऐकून घ्यावं लागतं. तेव्हापासून टाउनमधल्या मराठी मंडळींत दोन तट पडलेत. भिशीत ऐकलं तर बाई देवमाणूस, रविवारी क्रिकेटच्या मैदानावर ऐकलं तर बाईंना आधी घालवा. दोन्हीकडच्या किती जणांनी बोर्डाची एक तरी बैठक पाहिली असेल, मला शंका आहे.

मी चार वर्षं जातोय. बायको विचारते, कशाला जातोस? टॅक्स भरतो म्हणून, असं मी सांगतो. खरं कारण वेगळं आहे. आई कराडजवळ झेडपीच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. साहेब तपासणीला येणार म्हटलं की आदल्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात हजेरीपटाच्या बेरजा चालायच्या. शाळेच्या वरच्या माणसाकडे बघायची सवय तेव्हापासूनची आहे.

भारतातून नुकत्याच आलेल्यांनी सुपरिंटेंडंट म्हणजे आपला शिक्षणाधिकारी असं समजू नये. तो सरकारचा माणूस, बदलीवर येतो आणि बदलीवर जातो. इथे राज्यात सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळांचे विभाग, आहेत आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टचं बोर्ड स्वतः सुपरिंटेंडंट नेमतं. करार तीन ते पाच वर्षांचा. नव्यांना कायमपणा नाही, तो १९९१ सालीच गेला. आमच्या बोर्डावर नऊ जण आहेत, सगळे निवडून आलेले आणि सगळे बिनपगारी. एकजण दंतवैद्य, एकजण विम्यात, दोघी पूर्वीच्या शिक्षिका. या नऊ जणांना एकच माणूस थेट उत्तर देतो, तो म्हणजे सुपरिंटेंडंट. बाकी शेकडो शिक्षक, बसवाले, नर्स, सफाईवाले बाईंच्या हाताखाली. आपल्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्सचा निम्म्याहून थोडा जास्त भाग या कारभारात जातो आणि त्या एकूण टॅक्सचा राज्याचा सरासरी आकडा आता वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात गेलाय. म्हणजे हॉटेलला तारे देतो तसे इथेही द्यायला हरकत नसावी. बिल हॉटेलपेक्षा मोठं आहे.

आधी बसचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये बसचे मार्ग नव्याने आखले. पहिल्या दिवशी माझी मुलगी कोपऱ्यावर सात-दहापासून उभी, बस आली आठला. दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिसऱ्या दिवशी वेळेवर आली, पण ती दुसऱ्याच शाळेची. फोनवर रोज तोच रेकॉर्ड केलेला आवाज, 'आम्ही दिलगीर आहोत'. चौथ्या दिवशी पावणेसातला मी कोपऱ्यावर गेलो तर तिथे बाई उभ्या. रेनकोट, हातात पिवळा पॅड, पायात चिखलाचे बूट. नमस्कार-चमत्कार काही नाही. "तुमच्या थांब्यावर मुलं किती? यादीत चार आहेत, मला अकरा दिसतायत." तिथेच सगळा घोळ उघडा पडला. नवीन अपार्टमेंटमधली मुलं यादीत चढलीच नव्हती. बाईंनी अकराही मुलांना नाव-पत्ता विचारून घेतला, एका किंडरगार्टनवाल्याला स्वतःचं आडनाव सांगता येईना तर त्याच्या दप्तरावरचं वाचून घेतलं. पुढच्या सोमवारी बस सात-पंधराला आली, तेव्हापासून पाच मिनिटांपलीकडे चुकलेली नाही. या एका सकाळसाठी माझ्याकडून एक अख्खा तारा.

दुसरा तारा बजेटचा. इथलं गणित असं की टाउनकडून शाळेसाठी घ्यायचा टॅक्स वर्षाला दोन टक्क्यांच्या वर सहसा वाढवता येत नाही. २०१० सालचा कायदा आहे. त्यात २०१८ च्या कायद्याने राज्याची मदत पुन्हा वाटली गेली. काही डिस्ट्रिक्टची वाढली, काहींची २०२४-२५ पर्यंत टप्प्याटप्प्याने घटत गेली. आम्ही घटणाऱ्यांत. गव्हर्नरचं बजेटचं भाषण झालं की दोन-चार दिवसांत प्रत्येक डिस्ट्रिक्टचा आकडा जाहीर होतो आणि मार्चमध्ये बोर्डाला कच्चं बजेट मांडावं लागतं. म्हणजे हातात दोन-तीन आठवडे. अशा वेळी बहुतेक साहेबलोक 'कार्यक्षमता वाढवू' वगैरे बोलतात. बाईंनी एकच स्लाइड लावली. कमी होणार ते नाव घेऊन: लायब्ररीतली एक जागा, चौथीचं व्हायोलिन, संध्याकाळची उशिराची बस. यादीत सगळ्यात वर त्यांच्याच ऑफिसातली असिस्टंट सुपरिंटेंडंटची रिकामी जागा. ती भरणार नाही म्हणाल्या. मग दोन तास उभं राहून उत्तरं दिली. व्हायोलिन गेलं म्हणून माझी धाकटी रडली आणि मी अजून बाईंवर थोडा खट्टू आहे, पण कुठली कुऱ्हाड कुठे पडणार ते आधी कळलं होतं.

आता ज्याच्यासाठी मंडळी तारे वाटतात ते निकाल. एनजेएसएलए ही राज्याची परीक्षा तिसरीपासून असते, इंग्रजी-गणिताला पाच पातळ्या, चौथी-पाचवी पातळी आली म्हणजे अपेक्षेइतकं येतं असं धरायचं. दर वर्षी शरद ऋतूत बाई रंगीत तक्ते दाखवतात आणि आपले लोक खूश होतात. मी यासाठी एकही गुण देत नाही, कापतही नाही. आमच्या रस्त्यावरच्या बारा घरांतली नऊ घरं शनिवारी सकाळी मुलांना खासगी गणिताच्या क्लासला सोडतात. माझंही त्यांतलंच. त्या तक्त्यातला किती भाग शाळेचा आणि किती शनिवारचा, हे वेगळं करून कोणी दाखवलं तर बोलू. बाईंना एकदा हे विचारलं तर हसल्या आणि म्हणाल्या, "मलाही आवडेल कळायला." उत्तर प्रामाणिक होतं, पण ते तक्त्याखाली लिहायला हवं होतं.

आणि इथूनच गणिताच्या भानगडीकडे येतो, जिथे तारे गळायला लागले.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. २०१५ साली न्यू जर्सीतल्याच वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टचे सुपरिंटेंडंट डेव्हिड अॅडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं होतं. मुलांवरचा ताण फार झाला म्हणून हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा बंद केल्या, लहान वयातल्या प्रगत गणिताला कात्री लावली. टाउन दुभंगलं, वर्तमानपत्रांत गाजलं, आणि भारतीय-चिनी पालक एका बाजूला, गोरे पालक दुसऱ्या बाजूला असं चित्र उभं राहिलं. ते पूर्ण खरं नव्हतं, पूर्ण खोटंही नव्हतं. तेव्हा निर्णय पटला-न पटला तरी एक मान्य करावं लागेल की त्या गृहस्थांनी सोळा पानं लिहिली. का करतोय ते सांगितलं.

आमच्या बाईंनी सहावीचा एक वर्ष पुढचा गणिताचा वर्ग बंद केला तो चार ओळींच्या ईमेलने. मेअखेरच्या मेमोरियल डेच्या लांब सुट्टीआधीचा शुक्रवार, संध्याकाळचे चार वाजून बावन्न मिनिटं. मी वेळ लिहून ठेवलीय. ऑफिस पाचला बंद, मंगळवारपर्यंत फोन उचलायला कोणी नाही. याआधी समुपदेशकाची जागा कमी केल्याची बातमीही शुक्रवारचीच होती, आणि शाळेची वेळ वीस मिनिटं अलीकडे ओढल्याचीही. एकदा झालं तर योगायोग म्हणेन. तिसऱ्यांदा झालं की ती पद्धत. कोपऱ्यावर पिवळा पॅड घेऊन उभी राहणारी बाई आणि शुक्रवारी पाचला आठ मिनिटं कमी असताना बटण दाबणारी बाई एकच आहे, हे मला अजून पचत नाही.

जूनच्या बैठकीत मी बोलायला उभा राहिलो. पब्लिक कॉमेंटला तीन मिनिटं मिळतात. मी पाच वेळा घरी घड्याळ लावून वाचलं होतं, तरी शेवटचं वाक्य घंटेखाली गेलं. निर्णयावर भांडलोच नाही, कदाचित बाईंचंच बरोबर असेल. मी एवढंच विचारलं की कुठल्या मुलांचं काय बघून हे ठरवलं. अध्यक्ष म्हणाले, "थँक यू फॉर युअर कॉमेंट." बोर्डाला तिथे उत्तर द्यायचं बंधन नसतं. बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. तीन आठवड्यांनी दोन पानी उत्तर आलं, चांगलं मुद्देसूद, मागच्या चार वर्षांत गणिताच्या त्या पुढच्या वर्गात बसलेल्या मुलांचं पुढे काय झालं त्यासकट. हेच दोन कागद मेमध्ये सगळ्यांना धाडले असते तर माझी तीन मिनिटं वाचली असती. पाचातून इथे दीड तारा कापला, म्हणून साडेतीन.

त्या बैठकीला आई माझ्याबरोबर होती. सहा महिन्यांसाठी आली होती, घरी बसून कंटाळली होती. मिडल स्कूलच्या कॅफेटेरियातल्या टेबलाला जोडलेल्या बाकावर, साडीवर माझं जाकीट घालून, अडीच तास हलली नाही. इंग्रजी फारसं बोलत नाही, पण बैठका तिने आयुष्यभर पाहिल्यात. मध्येच मला कोपराने ढोसून विचारलं, "अरे, ह्यांचं शेरेबुक कुठाय?"

मी सांगितलं, तपासणीचे साहेब शेरे लिहितात तसलं शेरेबुक इथे नसतं. राज्याची तपासणी असते, तिला क्यूसॅक म्हणतात, तीन वर्षांतून एकदा. शिकवणं, पैसा, कारभार, व्यवस्था, कर्मचारी अशा पाच बाबी, प्रत्येकीत शंभरपैकी ऐंशी हवेत. आधी डिस्ट्रिक्टच स्वतःला गुण देतं, मग काउंटीचे लोक येऊन तपासतात.

"म्हणजे आपलाच पेपर आपण तपासायचा."

"तसंच काहीसं."

"आणि हिचा सीआर कोण लिहितं?"

बोर्ड लिहितं. दर वर्षी १ जुलैच्या आत लिहायलाच हवा असा नियम आहे. पण तो बंद दाराआड, आणि लिहिलेला लोकांना दाखवत नाहीत. आईच्या नोकरीत त्याला सीआर, म्हणजे गोपनीय अहवाल, म्हणायचे. आई म्हणाली, "मग एवढा विमानाचा खर्च करून मी नवीन काय बघायला आले?"

यात एक खोच आहे, ती फार जणांना ठाऊक नाही. बैठका उघड्या ठेवण्याचा जो कायदा आहे त्यातच लिहिलंय की ज्या कर्मचाऱ्याबद्दल बोलायचं त्यानेच लेखी मागितलं तर ती चर्चा लोकांसमोर करता येते. म्हणजे बाईंनी एक चिठ्ठी दिली तर आपण सगळे ऐकू शकतो. चार वर्षांत दिलेली नाही. आजूबाजूच्या कुठल्या सुपरिंटेंडंटनी दिल्याचंही माझ्या ऐकण्यात नाही, त्यामुळे याचे गुण कापत नाही. दिली असती तर मात्र कापलेला तारा तिथेच परत मिळाला असता.

पगाराबद्दलही बोलतात लोक, म्हणून दोन ओळी. २०११ साली, क्रिस्टी गव्हर्नर असताना, बहुतेक डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडंटच्या पगाराला मुलांच्या संख्येप्रमाणे मर्यादा घातली होती, ती जास्तीत जास्त गव्हर्नरच्या पगाराएवढी, १,७५,००० डॉलरची. बरीच अनुभवी माणसं त्या काळात निवृत्त झाली नाहीतर नदीपलीकडे न्यूयॉर्क-पेन्सिल्व्हेनियात गेली. २०१९ साली तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांनी ती मर्यादा काढली. बाईंचा आकडा डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर 'यूजर-फ्रेंडली बजेट' नावाच्या फायलीत आहे. नावावर जाऊ नका, शेवटची पानं उघडा, सापडेल. मला तो जास्त वाटत नाही. एका बर्फाच्या सकाळी साडेचारला उठून शाळा बंद ठेवायची की नाही हे ठरवायचं, वर्षाला १८० दिवस भरलेच पाहिजेत हेही बघायचं, आणि काहीही ठरवलं तरी निम्म्या टाउनच्या शिव्या खायच्या, त्याचेच मी निम्मे पैसे दिले असते.

जूनच्या त्या बैठकीच्या रात्री बोर्ड बंद खोलीत गेलं तेव्हा बाई बाहेर राहिल्या. विषय त्यांचाच होता. आम्ही पाचसहा जण वेंडिंग मशीनपाशी घुटमळत होतो. त्या आईपाशी आल्या, मी ओळख करून दिली. "किती मुलं होती तुमच्या शाळेत?" आईने हातानेच सांगितलं, एक ते चार वर्ग, शिक्षक दोन. बाई म्हणाल्या, मग एका खोलीत दोन वर्ग कसे सांभाळायचात? आणि आईने, माझी वाट न बघता, आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं: तिसरीला पाटीवर गणितं द्यायची आणि पहिलीला वाचायला घ्यायचं, मोठ्या मुलीला छोट्यांच्यात बसवायचं. दहा मिनिटं चाललं. बाईंनी पिवळा पॅड काढला नाही, पण मध्येच थांबवून "ती मोठी मुलगी, तिचा स्वतःचा अभ्यास मागे पडायचा नाही का?" असं विचारलं. गाडीत बसल्यावर आई म्हणाली, बरोबर प्रश्न विचारला, आमच्या साहेबांना तेवीस वर्षांत सुचला नव्हता. तिने चार तारे दिले. मी माझ्या साडेतीनवर ठाम आहे.

करार वाढवा, असंच मी सुनावणीत म्हणणार आहे. पण पाच नको, तीन वर्षांचा. आणि करारात जी वार्षिक उद्दिष्टं लिहितात त्यांत एक घाला: मुलांच्या वर्गांबद्दलचा कुठलाही निर्णय शुक्रवारी दुपारनंतर कळवायचा नाही, आणि कारणाशिवाय कळवायचा नाही.

सुनावणी मिडल स्कूलच्या कॅफेटेरियात, संध्याकाळी साडेसातला. बोलायचं असेल तर सातपर्यंत दाराजवळच्या कागदावर नाव लिहा. स्वेटर आणा, तिथला एसी कोणालाच बंद करता येत नाही.