पुणे–नागपूर विमानाने नऊ महिने: तिकिटावरचा वेळ आणि माझ्या वहीतला वेळ

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ऑक्टोबरपासून दर पंधरा दिवसांनी माझी पुणे-नागपूर ये-जा सुरू झाली. पहिल्या फेरीपासून वेळा वहीत टिपत गेले.

पुण्याचा लोहगाव विमानतळ ते नागपूरचा सोनेगाव विमानतळ, सरळ हवाई अंतर साधारण ६०५ किलोमीटर. तिकिटावर वेळ दीड तासाच्या आसपास असतो, पण चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंत मला जाताना ६५ ते ७० मिनिटंच लागली. बाकीचा वेळ जमिनीवर जातो. लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. विमान पश्चिमेकडे तोंड करून उडालं तर वळसा घेऊन मग नागपूरची दिशा धरतं. शिवाय तळ हवाई दलाचा, त्यामुळे लढाऊ विमानांचं उड्डाण चालू असलं की आपण थांबायचं.

थंडीत एक गंमत कळली. डिसेंबर-जानेवारीत वरच्या हवेत पश्चिमेचे वारे जोरात वाहतात. नागपूरला जाताना ते पाठीशी, परतताना समोरून. माझ्या वहीत परतीची उड्डाणं त्या दोन महिन्यांत सहा-सात मिनिटांनी लांबलेली आहेत. मे-जूनमध्ये हा फरक जवळपास उरलाच नाही.

पण वेळ खाल्ला तो पुण्याच्या रस्त्यांनी. कोथरूडहून लोहगावला शुक्रवारी संध्याकाळी दीड तास, शनिवारी पहाटे चाळीस मिनिटं. बॅग द्यायची असेल तर काउंटर तासभर आधी बंद होतो, हे धरूनच निघावं लागतं. नागपुरात मात्र विमानतळ गावातच, प्रतापनगरचं घर पंधरा मिनिटांत. दारापासून दारापर्यंत शुक्रवारी पावणेपाच तास, शनिवारी पहाटे निघालं तर चार तासांच्या आत. दोन महिन्यांनी मी शुक्रवार सोडूनच दिला. आई सकाळच्या चहाला माझी वाट बघते, ते वेगळंच सुख.

वंदे भारतनेही एकदा गेले. दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेत रुळांचं अंतर ८८१ किलोमीटर होतं, वेळ बारा तास. दिवस मोकळा असेल तर प्रवास छान आहे, पण दोन दिवसांच्या सुट्टीत परवडत नाही.

गेल्या महिन्यात आईला पुण्याला आणलं. गुडघ्याचं माणूस बरोबर असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची नोंद करा. आमची खुर्ची दारातच तयार होती. नागपूरहून येताना उजवीकडची खिडकी घ्यावी. आकाश मोकळं होतं, आणि आईला लोणारचं सरोवर वरून दिसलं. लहानपणी वडिलांबरोबर त्याच्या काठाने ती पूर्ण फेरी चालली होती. पुणं येईपर्यंत तेच सांगत होती.