कॉलेज रोडवरील करिअर मार्गदर्शन केंद्र: चाचणीपेक्षा बैठक मोलाची

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशअर्जात शाखा आणि विषय भरण्यापूर्वी नीट विचार व्हावा, म्हणून आम्ही मुलीला नाशिकच्या कॉलेज रोडवरील एका खासगी करिअर मार्गदर्शन केंद्रात घेऊन गेलो. साडेतीन हजार रुपयांत कलचाचणी, तिचा लेखी अहवाल, एक माहितीपुस्तिका आणि समुपदेशकांशी सविस्तर बैठक मिळते. यांपैकी बैठकीने पैसे वसूल झाले. बाकीच्यांबद्दल तसे म्हणवत नाही.

समुपदेशक मॅडमनी कोरा कागद आडवा ठेवला, उजव्या टोकाला व्यवसायाचे नाव लिहिले आणि तिथून डावीकडे उलट येत गेल्या: त्या व्यवसायाला नोंदणी कोणाकडे करावी लागते, नोंदणीसाठी पदवी कोणती, पदवीसाठी प्रवेशपरीक्षा कोणती आणि त्यासाठी बारावीला कोणते विषय हवेत. मुलीला आर्किटेक्चर आणि मानसशास्त्र या दोन्हींची ओढ असल्याने दोन कागद झाले. पहिल्यावर वास्तुकला परिषदेची नोंदणी, पाच वर्षांची बी.आर्क., नाटा ही परीक्षा आणि बारावीला गणित व भौतिकशास्त्र, अशी साखळी उभी राहिली. दुसऱ्यावर अकरावीला कोणतीही शाखा चालत होती. मात्र नुसत्या बी.ए.च्या जोरावर कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, होत नाही, त्यापुढे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण आणि नोंदणी लागते, हे तिथे पहिल्यांदा स्पष्ट झाले. गणित सोडले तर एक वाट बंद होते आणि ठेवले तर दोन्ही खुल्या राहतात, हे मुलीने कागदांवर बोट ठेवून स्वतःच सांगितले. गणिताशी तिचे फारसे सख्य नसल्यामुळे ते बोट जरा नाराजीनेच ठेवले गेले, ही गोष्ट वेगळी.

जाता जाता आम्ही सी.ए.बद्दलही विचारले. बारावीनंतर फाउंडेशन ही पहिल्या टप्प्याची परीक्षा देता येते, किंवा वाणिज्य पदवीला 55 टक्के आणि इतर बहुतेक पदव्यांना 60 टक्के गुण असल्यास थेट इंटरमीजिएट या दुसऱ्या टप्प्याला प्रवेश मिळतो, हे उत्तर कुठलेही पुस्तक न उघडता मिळाले.

कलचाचणीचा अहवाल जाडजूड, गुळगुळीत कागदावरचा आणि संपूर्ण इंग्रजीत आहे. नेतृत्वगुण आहेत, माणसांत रमायला आवडते, अशी त्यातली वाक्ये कोणत्याही पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला लागू पडतील. मराठी माध्यमाच्या पालकांनी तो कसा वाचावा, याचा विचार केलेला दिसत नाही.

पुस्तिकेची गोष्ट अधिक खटकते. बी.आर्क.साठी रसायनशास्त्र सक्तीचे असल्याचे तीत अजून छापलेले आहे. प्रत्यक्षात तिसरा विषय म्हणून संगणकशास्त्रासारखे पर्यायही आता चालतात, ही दुरुस्ती मॅडमना तोंडी करावी लागली. बीबीए आणि बीसीएच्या प्रवेशांसाठी 2024 पासून राज्याची सीईटी सुरू झाली, तिचाही पत्ता नाही. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा एवढ्या जवळ असताना चार वर्षांच्या बी.एस्सी. कृषीची बोळवण एका ओळीत केली आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्याला किंमत आहे, तो दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि त्यावरून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला मिळणारा प्रवेश तर पूर्णपणे गाळला आहे. मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच असूनही, नोकरी सांभाळून तिथली पदवी घेता येते आणि ती राज्यसेवा परीक्षेला चालते, याचा उल्लेख नसावा, हे मात्र नवल आहे.

स्वागतकक्षात एका कोचिंग क्लासची पत्रके हातात दिली जातात आणि मोबाइल क्रमांक मागितला जातो. तो देणे बंधनकारक नाही. मॅडमनी स्वतः कोणत्याही क्लासचे नाव घेतले नाही. चाचणी वगळून नुसती बैठकही पंधराशे रुपयांत मिळते, फक्त दरफलकावर ती लिहिलेली नसल्यामुळे आपणहून विचारावी लागते.