ब्रेड कुठला आणि कुठून घ्यावा? बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले बरेच महिने आमच्याकडे ठरावीक एकच ब्रेड येत नाही. सुपरमार्केटच्या शेल्फवरचा पाकिटातला, त्याच दुकानात मागच्या ओव्हनमध्ये भाजून गरम मांडलेला, खऱ्या बेकरीतला आणि घरी केलेला, असे चारही प्रकार आलटून पालटून खाऊन झाले. नुसती पहिल्या दिवशीची चव बघून मत देण्यात अर्थ नाही, म्हणून प्रत्येक ब्रेड शेवटच्या तुकड्यापर्यंत वापरला. माझं मत आधीच सांगते: कुठला ब्रेड आवडतो यापेक्षा तो घरात किती दिवसांत संपतो, हे आधी बघा. दुकान त्यावरून ठरतं.

सुरुवात पाकिटातल्या कापलेल्या पांढऱ्या ब्रेडपासून, कारण तो सगळ्यात जास्त खपतो आणि सगळ्यात जास्त नावंही त्यालाच ठेवली जातात. मी ठेवणार नाही. मशीनने कापलेला ब्रेड विकायला सुरुवात झाली 1928 मध्ये, अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या चिलिकोथी गावात. ओटो रोहवेडर यांनी ते यंत्र बनवलं होतं. आजचा हा लुसलुशीत ब्रेड मात्र बराचसा 1961 मध्ये इंग्लंडमधल्या चोर्लीवूड इथे तयार झालेल्या पद्धतीची देणगी आहे. पीठ अतिशय वेगाने काही मिनिटं घुसळायचं, त्यात ॲस्कॉर्बिक ॲसिड (म्हणजे व्हिटॅमिन सी) आणि थोडं घट्ट फॅट घालायचं, की तासन् तास पीठ आंबवत ठेवायची गरज उरत नाही. कमी प्रोटीनचा गहूसुद्धा त्यात चालून जातो. ब्रेड स्वस्त झाला तो त्यामुळेच. पण पीठ आंबायला वेळ मिळाला नाही की चवही तयार होत नाही, आणि ते खाताना जाणवतं. नुसता स्लाइस तोंडात टाकला तर किंचित गोड लागतो आणि लगेच त्याचा चिकट गोळा होतो.

तरीही सँडविचसाठी मी आजही हाच घेते. स्लाइस एकसारखे असतात, जाळी बारीक असते, टोमॅटोचा रस खालून गळत नाही. टोस्टरमध्ये रंगही सगळीकडे सारखा येतो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. हा ब्रेड दाबून बघून ताजा आहे की नाही ते कळत नाही. त्यातले इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ) त्याला कित्येक दिवस मऊ ठेवतात आणि कॅल्शियम प्रोपिओनेट बुरशी लांबवतं. दाबण्यापेक्षा तारीख वाचा. शेल्फवर मागच्या रांगेत बहुतेक वेळा नंतरची तारीख असते, तेव्हा हात आत घालून पाकीट काढायला लाजू नका.

ब्राउन ब्रेड घेताना नुसत्या रंगावर जाऊ नका. कॅरॅमल किंवा माल्ट घालून मैद्याच्या ब्रेडलाही छान तपकिरी रंग आणता येतो. पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, म्हणजे पहिलं नाव ज्याचं, तेच सगळ्यात जास्त. तिथे ‘संपूर्ण गहू’ असेल तर ठीक. मैदा पहिला आणि कोंडा कुठेतरी चौथा-पाचवा असेल, तर तो पांढरा ब्रेडच समजा. मल्टिग्रेनचंही तेच: वरून भुरभुरलेल्या बिया दिसायला छान, पण आत काय आहे ते वाचल्याशिवाय कळत नाही. खऱ्या अख्ख्या गव्हाचा ब्रेड कमी फुगतो आणि हाताला जड लागतो. एकाच आकाराचे दोन ब्रेड दोन हातांत घेऊन बघितले तरी बराच उलगडा होतो.

आता सुपरमार्केटच्या मागच्या ओव्हनमधला. वास असा सुटतो की पाय आपोआप तिकडे वळतात. बहुतेक ठिकाणी हा ब्रेड तिथे मळलेला नसतो. दुसरीकडे अर्धवट भाजून, गोठवून आणलेला असतो आणि इथे फक्त शेवटचं भाजणं होतं. त्यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही, पण खाण्याचं वेळापत्रक त्याप्रमाणे ठेवावं लागतं. घरी आल्या आल्या कापलेला बगेट, म्हणजे काठीसारखा लांब फ्रेंच ब्रेड, खरंच सुरेख असतो. पापुद्रा करकरीत वाजतो, आतलं मऊ आणि कोमट. रात्रीच्या जेवणापर्यंत मात्र आतला भाग कोरडा पडतो आणि वरचं कवच चामड्यासारखं चिवट होतं. दोनदा ओव्हनमध्ये गेल्यामुळे ओलावा जास्त उडालेला असतो, शिवाय कापताना पापुद्र्याच्या कपच्या निघून टेबलभर पसरतात. दोन-तीन तासांत संपणार असेल तरच घ्या. सूपबरोबर संध्याकाळी खायचा असेल तर संध्याकाळीच आणा.

फ्रान्समध्ये या फरकाला कायद्याचा आधार आहे. 1993 च्या आदेशानुसार ‘पारंपरिक फ्रेंच ब्रेड’ म्हणून विकायचा असेल तर तो कुठल्याही टप्प्यावर गोठवलेला चालत नाही. 1998 पासून तर पीठ मळणं, आंबवणं आणि भाजणं हे सगळं त्याच जागी होत नसेल, तर दुकानावर बेकरी अशी पाटीच लावता येत नाही. इतर बऱ्याच ठिकाणी असा नियम नसतो, म्हणून मी सरळ विचारते: ‘पीठ इथेच मळता का?’ जिथे मळतात तिथला माणूस या प्रश्नाने खुलतो आणि न विचारता पुढचंही सांगायला लागतो.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या ब्रेडकडे येते, बेकरीतल्या सावरडोकडे. यात बाजारचं यीस्ट नसतं. पीठ आणि पाणी रोज ताजं घालून जिवंत ठेवलेलं आंबवण असतं, त्यात हवेतलं-पिठातलं नैसर्गिक यीस्ट आणि लॅक्टिक ॲसिड तयार करणारे जिवाणू एकत्र नांदतात. यीस्ट फुगवतं, जिवाणू आंबटपणा आणतात. त्याच आम्लामुळे बुरशी उशिरा धरते आणि ब्रेड शिळाही हळूहळू होतो. महिनोन् महिने खाल्ल्यावर मला याची खरी किंमत कळली ती इथे, टिकण्यात. पहिल्या दिवशी तो छान असतोच, पण दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतो. कवचातला भाजल्याचा कडवट-गोड स्वाद आतपर्यंत उतरतो आणि आंबटपणा सौम्य होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो टोस्टसाठी सर्वोत्तम. शेवटचा वाळका तुकडासुद्धा लसूण घासून, ऑलिव्ह तेल लावून भाजला की मला पहिल्या दिवशीच्या स्लाइसपेक्षा जास्त आवडतो.

घेताना काय बघावं? आधी रंग. फिका सोनेरी नको, गडद तपकिरी हवा, जिथे चीर दिली आहे तिथली कड तर जवळजवळ काळपट. चव तिथेच असते. काउंटरवरचे लोक बऱ्याचदा कौतुकाने फिका ब्रेड काढून देतात, तेव्हा ‘जास्त भाजलेला द्या’ म्हणून सांगा. मग तो उलटा करून बुडावर बोटाने टकटक करा, आवाज पोकळ आला पाहिजे. आतली भोकं मोठी असली म्हणजे ब्रेड उत्तम, अशी एक समजूत पसरली आहे. मला ती पटत नाही. मोठ्या भोकांतून लोणी थेट बशीत पडतं. मध्यम, असमान जाळी, बोटाने दाबल्यावर परत वर येणारा आणि किंचित चकाकणारा गाभा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

एका दुकानाने मात्र निराश केलं. सावरडो म्हणून घेतलेला ब्रेड आंबट होता, पण तो आंबटपणा जिभेच्या टोकावर झणझणीत लागून लगेच गायब व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी ब्रेड साध्या ब्रेडसारखाच कोरडा. घटक विचारले तेव्हा यीस्ट आणि व्हिनेगर निघालं. पैसे मात्र पूर्ण सावरडोचे घेतले होते. पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण, एवढंच यादीत असेल तर निश्चिंत घ्या. यीस्ट आणि व्हिनेगर दिसलं तर किंमतही तशीच द्या.

राईच्या (मोहरी नव्हे, गव्हासारखं ‘राय’ हे धान्य) ब्रेडबद्दल जरा सविस्तर, कारण त्याच्याबद्दल कमी लिहिलं जातं. राईच्या पिठात गव्हासारखं ग्लुटेनचं, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचं, मजबूत जाळं बनत नाही. त्यातले पेंटोसन नावाचे तंतुमय घटक भरपूर पाणी धरून ठेवतात, म्हणून ब्रेड दाट, ओलसर आणि जड होतो. आंबवणही इथे केवळ चवीसाठी नसतं. आम्ल नसेल तर पिठातली एन्झाइमं स्टार्च तोडत राहतात आणि आतून चिकट लगदा होतो. जर्मनीतला पंपरनिकेल तर मंद आचेवर कमीत कमी 16 तास भाजतात, आणि त्याचा काळा रंग व गोडसरपणा त्या लांबलेल्या भाजण्यातूनच येतो. हा ब्रेड अगदी पातळ कापायचा आणि घाई करायची नाही. भाजल्यानंतर एक अख्खा दिवस ठेवून मगच कापायचा. वर लोणी, खारं चीज, काकडीच्या चकत्या. दोन पातळ स्लाइसमध्ये पोट भरतं.

आणि हा असा एक ब्रेड आहे, जो मी बेकरीऐवजी पाकिटातला आनंदाने घेते. घट्ट बंद पाकिटात आधीच पातळ कापलेला राईचा ब्रेड सुपरमार्केटमध्ये मिळतो. तो मुळातच दाट आणि ओला असल्यामुळे पाकिटात त्याचं काहीच बिघडत नाही. बेकरीतला आणि हा शेजारी ठेवून खाल्ला, मला फार फरक जाणवला नाही. पाकीट उघडल्यावरही आठवडाभर उत्तम राहतो. एकट्याने राहणाऱ्याला यासारखा दुसरा ब्रेड नाही.

बाकीचे थोडक्यात. चाबाता हा चपटा इटालियन ब्रेड जुना वाटतो, पण तो 1982 मध्ये इटलीत अर्नाल्दो कावाल्लारी या बेकरने घडवला. पीठ फार सैल असल्यामुळे जाळी मोठी पडते. सँडविच दाबून गरम करायचं असेल तर याच्यासारखा नाही, मात्र त्याच दिवशी. ब्रियोश या गोडसर फ्रेंच ब्रेडमध्ये लोणी आणि अंडी इतकी असतात की तो पाकिटातलाही बरा टिकतो, फक्त घटकांत खरंच लोणी आहे का ते बघा. मिल्क ब्रेड लहान मुलांना हमखास आवडतो. थोडं पीठ दुधात किंवा पाण्यात साधारण 65 अंशांपर्यंत शिजवून त्याची खीर पिठात मिसळतात, म्हणून तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो. पीटा तव्यावरून किंवा ओव्हनमधून उतरल्यापासून तासाभरात खाल्ला तरच मजा.

घरी करण्याबद्दल विचाराल, तर सुट्टीच्या दिवशी जरूर करा. 2006 मध्ये न मळता करायच्या ब्रेडची न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांची पद्धत जगभर गाजली. सैल पीठ, चिमूटभर यीस्ट, 12 ते 18 तास नुसतं झाकून ठेवायचं, आणि झाकणाच्या जाड, कडकडीत तापलेल्या भांड्यात भाजायचं. झाकणामुळे पिठातलीच वाफ आत कोंडते, वरचा थर लगेच कडक होत नाही आणि ब्रेडला फुगायला वाव मिळतो. ओव्हनमध्ये वेगळी वाफ सोडण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. चव पाकिटातल्यापेक्षा फार पुढची, चांगल्या बेकरीच्या सावरडोपेक्षा मात्र थोडी मागे. ब्रेड मशीनही वापरलं. सकाळी गरम ब्रेड तयार मिळतो हे सुख मोठं आहे, पण कवच कधीच मनासारखं होत नाही आणि बुडाला पात्याचं भोक राहतं.

साठवण्याबद्दल एकच गोष्ट ठासून सांगते: ब्रेड फ्रीजमध्ये ठेवू नका. ब्रेड शिळा होतो तो केवळ वाळल्यामुळे नाही. भाजताना मोकळा झालेला स्टार्च पुन्हा स्फटिकासारखा घट्ट बसतो, आणि हे काम फ्रीजच्या तापमानाला बाहेरच्यापेक्षा वेगाने होतं. फ्रीझरमध्ये ते जवळजवळ थांबतं. म्हणून सावरडो आणल्यावर पूर्ण गार होऊ द्यायचा, दोन दिवसांपुरता बाहेर ठेवायचा, बाकीचा कापून फ्रीझरमध्ये. मध्ये बटर पेपरचे तुकडे घातले की स्लाइस एकेक सुटतात आणि गोठलेला स्लाइस थेट टोस्टरमध्ये टाकता येतो. बाहेर ठेवलेला ब्रेड कापलेली बाजू लाकडी पाटावर पालथी करून, वर सुती कापड टाकून. प्लॅस्टिकमध्ये कवच मऊ पडतं, कागदात आतला भाग वाळतो, या दोन्हींच्या मधला हाच मार्ग मला टिकाऊ वाटला. अख्खा ब्रेड कडक झाला असेल तर वरून पाण्याचा हात फिरवून गरम ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवा. स्टार्च पुन्हा सैल होतो आणि ब्रेड परत मऊ येतो. पण तो लगेच खाऊन टाका, गार झाला की आधीपेक्षा लवकर दगड होतो.

सध्या आमच्याकडे बसलेली घडी अशी: आठवड्याला बेकरीतला एक मोठा सावरडो, निम्मा फ्रीझरमध्ये. पाकिटातला राई कायम घरात. डब्याच्या सँडविचसाठी पाकिटातला अख्ख्या गव्हाचा. बगेट पाहुणे दारात असतील त्या दिवशी. रोज बेकरीवरून जाणं-येणं होणाऱ्यांनी मोठा ब्रेड घेण्यापेक्षा अर्धा किंवा चतकोर मागावा. बऱ्याच बेकऱ्या कापून देतात, फक्त विचारावं लागतं. संध्याकाळी बंद होण्याच्या सुमारास गेलात तर सावरडो कमी दरात मिळण्याची शक्यता असते, आणि त्याचं तर एका दिवसाने काहीच बिघडत नाही. बगेट मात्र त्या वेळेला कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

आता स्पेल्टचा ब्रेड सुरू केला आहे. चव किंचित शेंगदाण्यासारखी, छान आहे, पण पीठ नाजूक असल्यामुळे ब्रेड बसका येतो आणि लवकर भुगा होतो. बेकरीतला घ्यावा की पाकिटातला, हे अजून ठरत नाहीये. एवढं मात्र आत्ताच सांगते: स्पेल्ट हा गव्हाचाच प्रकार आहे आणि त्यात ग्लुटेन असतं. सीलिॲकचा (ग्लुटेन न चालण्याचा आजार) त्रास असलेल्यांनी, दुकानदार काहीही म्हणाला तरी, तो खाऊ नये. राईलाही हेच लागू आहे.