मुलांचं पहिलं हातशिलाईचं खेळणं: फेल्ट, जुनं कापड की मोजा?

मुलांना सुई-दोरा हातात द्यायचा, एखादं भरीव खेळणं त्यांच्याकडून शिवून घ्यायचं, इथवर बहुतेक घरांत एकमत असतं. अडतं ते कशाचं शिवायचं यावर. पर्याय तसे तीन: पुण्याच्या बोहरी आळीत किंवा स्टेशनरीच्या दुकानांत रंगीत तावांसारखं मिळतं ते फेल्ट, घरातलं जुनं सुती कापड, आणि जोडीदार हरवलेला शाळेचा पांढरा मोजा. माझं मत आधीच सांगते. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलाचं पहिलं खेळणं फेल्टचं असावं, दुसरं कापडाचं. त्याहून लहान मूल असेल तर मोजा. खेळणं तान्ह्या भावंडासाठी करायचं असेल तर मात्र हा क्रम उलटतो. त्याबद्दल शेवटी.

फेल्ट सोपं जातं ते त्याच्या घडणीमुळे. कापडात उभे-आडवे धागे विणलेले असतात, म्हणून कापलेल्या कडेचे दोरे सुटतात. फेल्टमध्ये वीण नसतेच. तंतू एकमेकांत गुंतवून दाबलेले असतात. काश्मिरी नमदा, म्हणजे लोकरीचा जाड गालिचा, याच रीतीने होतो: लोकर पसरायची, साबणाच्या पाण्याने भिजवायची आणि रगडत, लाटत घट्ट करायची. त्यामुळे फेल्टची कड उसवत नाही, दुमडावी लागत नाही. एकच आकार दोनदा कापा, एकावर एक ठेवा आणि वरूनच शिवा. सुलट-उलट बाजू नाही, शिवून झाल्यावर उलटवणं नाही. मुलाचा प्रत्येक टाका बाहेर दिसतो, आणि तिरका पडला तरी नक्षीतच जमा होतो.

भरीव खेळण्यांच्या धंद्याची एक मोठी सुरुवातही फेल्टपासूनच झाली आहे. जर्मनीतल्या गींगेन गावात मार्गारेटे श्टाइफ ही बाई फेल्टचे कपडे शिवून विकायची. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ती चाकाच्या खुर्चीत असे. १८८० च्या सुमारास तिने टाचण्या खोचायला फेल्टचे छोटे हत्ती केले, आणि ते मुलांनी खेळायला पळवले. तिची कंपनी आजही चालू आहे. तरीही तुमच्या पहिल्या खेपेला हत्ती नको. सोंड आणि पाय यांसारखे अरुंद भाग भरताना मुलं कंटाळतात आणि आत भरायचं फायबर तोंडाशीच अडकून बसतं. मासा, ढग, मांजराचं नुसतं तोंड किंवा सरळ हापूस आंबा घ्या. शेंदरी-पिवळं फेल्ट, वर एक हिरवं पान, झालं.

जुन्या कापडाचं गणित वेगळं आहे. धुऊन धुऊन मऊ झालेली आजीची सुती साडी फेल्टपेक्षा अंगाला केव्हाही बरी, शिवाय फुकट. पण शिलाई उलट्या बाजूने करावी लागते, कडेला बोटभर कापड सोडावं लागतं, आणि साधा धावदोरा पुरत नाही. टाके दूर पडले की भरलेलं सगळं फटीतून डोकावतं, म्हणून दाट टाक्यांची उलटी टीप, म्हणजे दर टाक्याला सुई थोडी मागे घेऊन, घालावी लागते. गोलाईवर कात्रीने छोटे छेद द्यायचे, मग उलटवायचं, भरायचं, तोंड आतून शिवून बंद करायचं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे सगळं जमतं, पण तोवर हातात आहे ते खेळणं वाटतच नाही, नुसती चुरगळलेली पिशवी वाटते. इथेच बरीच मुलं उठून जातात. जी बसून राहतात त्यांना उलटवतानाचा क्षण मिळतो, आणि तो आनंद फेल्टमध्ये नाही, हे कबूल करायला हवं. म्हणून कापड दुसऱ्या खेळण्याला. चिंध्यांची बाहुली आपल्याकडे पिढ्यानपिढ्या झाली आहे, पण ती बहुधा आजीच शिवायची आणि नात शेजारी बसून बघायची.

मोजा सगळ्यांत सोपा. कापायचं काही नाही. भरायचा, मानेच्या जागी दोऱ्याने आवळायचा, तोंड बांधायचं. पाच वर्षांचं मूल एका बैठकीत ससा करून मोकळं होतं. त्यात शिवणकाम थोडंच असतं, डोळे-तोंड दोऱ्याने भरण्यापुरतं. मोजा ताणतो, त्यामुळे जास्त भरला की आकार बेढब होतो. आणि कापलाच तर वीण सरसर उसवत जाते.

आता फेल्ट ठरलं असं धरू. दुकानात गेल्यावर खरी निवड सुरू होते. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानांत जे मिळतं ते बहुतेक पॉलिएस्टरचं असतं. ते स्वस्त, रंग झकास, पाण्याला घाबरत नाही, पण खेळून खेळून त्यावर गोळे येतात आणि गरम इस्त्री लागली की वितळतं. लोकरीचं फेल्ट दिसायला आणि हाताला फार सुंदर, पण महाग. गरम पाण्यात आटतं, नीट न ठेवल्यास कसर लागते. पहिल्या खेळण्याला त्याची गरज नाही. मुलगी शिवणकामात रमली तर पुढच्या वाढदिवसाला आणा.

पॉलिएस्टरमध्येही दोन जाती आहेत, मऊ आणि कडक, आणि घोळ होतो तो इथेच. कडक ताव तोरणं, भेटकार्डं, शाळेचे प्रोजेक्ट यांसाठी असतात. त्यातून सुई काढताना मुलाचं बोट दुखतं आणि भरल्यावर खेळणं पुठ्ठ्यासारखं कोपऱ्या-कोपऱ्यांचं होतं. ताव एका कोपऱ्याला धरून आडवा उचला. खाली लोंबला तर मऊ, फळीसारखा ताठ राहिला तर कडक. मग तोच ताव उजेडासमोर धरा. ठिकठिकाणी उजेड आरपार दिसला तर तो फारच विरळ आहे, टाक्यापाशी फाटेल.

किट घ्यावं की सुटं सामान? किटमध्ये तुकडे कापलेले, बऱ्याचदा भोकंही पाडलेली असतात. ज्या घरात मोठ्या माणसाला स्वतःलाच सुई ओवता येत नाही किंवा ज्यांच्या हाताशी रविवारची एकच दुपार आहे, त्यांनी बिनदिक्कत किट घ्यावं. बाकीच्यांनी सुटं घ्यावं, कारण किटमध्ये मांजर म्हणजे त्यांचंच मांजर. मुलाने काढलेलं पाच पायांचं मांजर शिवायचं असेल तर ताव आणि कात्री लागते. शिवाय एका किटच्या पैशात सहसा दोन-तीन खेळण्यांचं सामान येतं. उन्हाळी शिबिरातलं फेल्टकाम साधारण किटसारखंच: तुकडे आधी कापलेले, वेळ ठरलेला. सोबतीला चार मुलं मिळतात, हा फायदा खराच.

सुटं घेताना दोऱ्यावर कंजूषी नको. शिवणयंत्राच्या रिळाचा दोरा बारीक असतो. तो फेल्टला कापत जातो आणि मुलांच्या हातात गुंतून त्याची जटा होते. भरतकामाची सुती लडी घ्या. तिच्यात सहा पदर असतात, त्यातले तीन वापरा, आणि लांबी मुलाच्या हाताएवढीच ठेवा. सुई मोठ्या नेढ्याची हवी. सात वर्षांपर्यंत लोकरीची बोथट सुई चालते, पण ती फेल्टमध्ये आपसूक शिरत नाही. तेव्हा कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत तुम्ही दाभणाने भोकं पाडून द्या. मोठ्या मुलाला टोकदार सुई द्या. बोथट सुईशी झगडतानाच हात घसरण्याचा धोका जास्त. प्लास्टिकच्या बोथट कात्रीचंही तसंच. ती फेल्ट कापत नाही, चावते. कापायचं काम कात्री धड असलेल्या माणसाने करावं.

टाका कोणता? धावदोरा आधी, काजाचा टाका नंतर. काजाचा टाका कडेला देखणा दिसतो म्हणून आया पहिल्याच दिवशी तोच शिकवायला जातात, आणि मग अर्धं शिवण आईचं होतं. मूल डावखुरं असेल तर शेजारी न बसता समोर बसून दाखवा, आरशात बघावं तसं त्याला आपोआप उमगतं. दोन बोटं जातील एवढं तोंड उघडं ठेवून भरायचं. चिमूट-चिमूट, आधी कोपरे, मग पोट, पेन्सिलीच्या बोथट बाजूने ढकलत. भरायला पॉलिएस्टरचं फायबरच बरं. कापसाचे गठ्ठे होतात, आणि जून-जुलैत असं खेळणं धुतलं तर आठवडाभर वाळत नाही, वास येतो तो वेगळाच. फेविकॉल नको, तो फेल्टमध्ये मुरून कडक डाग पडतात.

डोळ्यांवर मात्र सवलत नाही. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर बटण, मणी, चिकटवलेले हलते डोळे यांपैकी काहीही नको. दोऱ्याने भरलेले डोळेच हवेत. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या विकाऊ खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, म्हणून किट घेताना खोक्यावर ते बघता येतं. घरी शिवलेलं खेळणं मात्र कोणी तपासत नाही. कान, शेपूट, पान असं जे जे जोडलेलं असेल ते स्वतः जोर लावून ओढून बघा.

तान्ह्या बाळासाठी फेल्ट मुळात नकोच. बाळ चोखणार, फेल्टचे तंतू सुटून तोंडात जाणार, आणि ते रोज धुताही येत नाही. तिथे जुनं सुती कापड, बारीक उलटी टीप, एकही जोडकाम नाही. शिवण मोठ्यांनी घालावी, आणि दादाने किंवा ताईने त्यावर फक्त डोळे-तोंड भरावं. तेही बाळाच्या पाळण्यात ठेवायचं नाही, जागेपणी आणि नजरेसमोरच द्यायचं.