आधी बँकेचं पत्र की आधी संचकार?

कोल्हापुरात जुना फ्लॅट बघायला गेलं की एजंटचा पहिला प्रश्न ठरलेला: "लोन किती बसतंय?" याचं उत्तर बँकेच्या तत्त्वतः मंजुरीच्या (घर ठरण्याआधीच तुमचे कागद बघून किती कर्ज मिळेल ते सांगणाऱ्या) पत्रावरून द्यायचं, की घर आवडल्यावर संचकार, म्हणजे विसाराची रक्कम, देऊन मग शोधायचं? मी दोन्ही करून बघितलंय. दुसरं आधी केलं.

राजारामपुरीतला फ्लॅट घरात सगळ्यांना पसंत पडला. असा पुन्हा मिळायचा नाही म्हणून लाखाचा संचकार दिला, दीड महिन्याची मुदत लिहून घेतली आणि बँकेत गेलो. तिथं माझ्या सिबिलच्या अहवालात, म्हणजे कर्जांच्या नोंदींच्या अहवालात, एक ट्रॅक्टर निघाला. माझ्याकडं ट्रॅक्टर नाही. गावाकडच्या मित्राला कधीकाळी जामीनदार म्हणून सही दिली होती, ती मी विसरलो होतो. त्याचे दोन हप्ते थकले होते. फोन केला तर म्हणतो, "ऊसबिल जमा झालं की भरतोय की, एवढं काय त्यात!"

बिल कारखान्याच्या सवडीनं जमा झालं, हप्ते भरले गेले, पण अहवालातली नोंद सुधारेपर्यंत मुदत संपली. पैशापेक्षा जास्त त्रास झाला तो मालकांच्या फोनचा. रोज सकाळी आठला, अगदी गोड आवाजात, "झालं का हो बँकेचं?" त्यांचंही चुकत नव्हतं. शेवटी निम्माच संचकार परत आला.

तत्त्वतः मंजुरीच्या अर्जात हा ट्रॅक्टर पहिल्याच आठवड्यात दिसला असता, आणि तेव्हा कुणी फोन करणारं नसतं. माझ्यापुरता निकाल इथंच लागला.

पुढच्या वेळी पगारपत्रकं, फॉर्म १६, खात्याचे उतारे देऊन आधी पत्र काढलं. कळंब्याच्या मालकांशी बोलणी एका बैठकीत झाली. पत्रामुळं भाव उतरला असं छातीठोक सांगता येणार नाही, पण बैठकीचा सूर वेगळा होता एवढं नक्की. एक मात्र पाळलं: पत्र दाखवलं, आकडा झाकून. एजंटला तुमची कमाल रक्कम कळली की घराची किंमतही नेमकी तिथंच जाऊन बसते.

आता पत्राची खोट. ते तुमच्याबद्दल असतं, घराबद्दल नाही. मालकी तपासणारा वकिलाचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, बांधकामाची परवानगी हे सगळं नंतर उरतंच; पंचगंगेच्या पूररेषेजवळचं घर असेल तर जास्तच. शिवाय पत्रावर पगाराच्या हिशोबानं कितीही रक्कम असो, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर जात नाही, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी त्या किमतीत सहसा धरत नाहीत. म्हणून पत्र हातात असलं तरी संचकार छोटा ठेवा आणि 'कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम परत' ही ओळ पावतीत लिहून घ्या. मालक कुरकुरतात, पण लिहितात. पत्राला मुदतही असते. माझं पहिलं पत्र घरं बघता बघताच संपलं आणि कागद पुन्हा द्यावे लागले. कंटाळा येतो, खरं आहे.

नव्या स्कीममध्ये घेत असाल, तीही बँकेनं आधीच तपासून ठेवलेली, तर पत्राविना फारसं अडत नसावं. तिथं घराचे कागद बँकेकडं असतात, आणि महारेरात (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात) नोंद असलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत कराराआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. जुन्या घराला, मालकाशी थेट व्यवहार असताना, मी तरी पत्राशिवाय पाऊल टाकणार नाही.

तरीही पत्राचा खटाटोप नकोच असेल, तर सिबिलचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. संचकाराआधी निदान तेवढा काढा, आणि तुमच्या नावापुढं कुणाचा ट्रॅक्टर उभा आहे का बघा.