सातबारा विमानतळात जाणार असेल तर: रोख, भूखंड की वाटा?

पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी. पुरंदरच्या नियोजित विमानतळात जमीन जाणार असलेल्या या सात गावांत पाहुणा आला की चहाआधी एकच प्रश्न निघतो, एकरी किती? पहिल्या आराखड्यातले २,८३२ हेक्टर २०२५ मध्ये सुमारे १,२८५ हेक्टरवर आले, म्हणून काही जण सुटले. जे सुटले नाहीत त्यांनी दराच्या पलीकडे दोन गोष्टी विचारायला हव्यात. मोबदला हातात कधी पडणार, आणि विमाने उडू लागल्यावर आपल्याकडे काय उरणार? कोऱ्या माळावर किंवा शेतावर विमानतळ उभा राहिलेली तीन ठिकाणे याच नजरेने शेजारी शेजारी ठेवून पाहू.

वेळेच्या बाबतीत कोची सर्वांत पुढे. तिथली जुनी धावपट्टी नौदलाची आणि अपुरी, आखाती देशांत गेलेला मल्याळी माणूस मुंबईला उतरून पुढे जायचा. १९९४ मध्ये नव्या विमानतळासाठी कंपनी स्थापन झाली आणि जून १९९९ मध्ये तिच्या नेडुम्बास्सेरीच्या विमानतळावरून विमाने सुरू झाली. परदेशातल्या केरळीयांकडून ठेवी गोळा करण्याची पहिली कल्पना फसली, मग शेअर काढले आणि हुडको या केंद्र सरकारच्या वित्तसंस्थेचे कर्ज घेतले. व्ही. जे. कुरियन या सनदी अधिकाऱ्याने ते रेटून नेले. आज राज्य सरकारचा वाटा सुमारे एक तृतीयांश आहे आणि हजारो सामान्य भागधारक आहेत. २०२३-२४ साठी कंपनीने ४५ टक्के लाभांश दिला. म्हणजे दहा रुपयांच्या शेअरवर साडेचार रुपये.

हे ऐकून ‘आम्हालाही शेअर द्या’ म्हणावेसे वाटते. पण तिथेही जमिनीच्या बदल्यात शेअर मिळाले नव्हते. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी ते विकत घेतले. विस्थापितांच्या वाट्याला घरासाठी जागा, विमानतळावरचे काम आणि टॅक्सीचे परवाने आले. परवाना ही गोष्ट मात्र मला लहान वाटत नाही. विमानतळ चालतो तोवर ती चालते.

नवी मुंबईत नेमके उलटे झाले. वेळ अफाट लागला, पण जमीनदाराच्या हातात जास्त आले. १९९७ पासूनची चर्चा, २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी, २०१८ मध्ये भूमिपूजन, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन आणि २५ डिसेंबरला पहिले प्रवासी. मधल्या काळात उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, दहा गावे हलवली, निविदा जिंकलेल्या जीव्हीकेच्या जागी अदाणी आले. मोबदला होता गेलेल्या जमिनीच्या २२.५ टक्के विकसित भूखंड. तो कुणाच्या दयेने आला नाही. १९८४ मध्ये नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात जासईच्या परिसरात गोळीबारात पाच जण गेले, त्या लढ्यातून शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांनी आधी साडेबारा टक्के भूखंड मिळवले आणि साडेबावीसचा हिशेब त्यावर चढला. विमानतळाला त्यांचे नाव का हवे होते, ते यावरून कळेल.

माझी बहीण तिकडेच दिली आहे. तिच्या सासरी दोन भाऊ. एकाने भूखंडाचे कागद हातात येण्याआधीच दलालाकडून विसार घेऊन करार केला, दुसरा थांबला. आज दोघे एकमेकांच्या दारात जात नाहीत. भूखंडाची खरी किंमत शेवटच्या काही वर्षांत चढते आणि ती वर्षे घर चालवायला दुसरी कमाई लागते. योजनेच्या पत्रकात हे कुठे छापत नाहीत.

आणखी एक. तिथेही एक पारगाव आहे, पनवेलचे. शेजारच्या डुंगीत विमानतळाचा भराव उंच झाल्यावर पावसाचे पाणी घरात शिरू लागले. कोचीचा विमानतळही भातखाचरांवर, पेरियारच्या अंगाला. ऑगस्ट २०१८ च्या पुरात तो दोन आठवडे बंद होता. ज्यांची जमीन रेषेच्या बाहेर राहिली त्यांनी सुटलो म्हणू नये, ओढे-नाले कुठे वळवणार त्याचा नकाशा मागावा.

गोव्यातल्या मोपाचा हिशेब वेगळा. पेडण्याच्या पठारावर जीएमआरने ४० वर्षांच्या करारावर विमानतळ उभारला, उत्पन्नातला ३६.९९ टक्के वाटा गोवा सरकारला. जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू आहेत. तो वाटा पणजीला जातो. जमीन १८९४ च्या जुन्या कायद्याने, रोख मोबदल्यावर गेली. पठारावरच्या धनगरांची नावे तर जमिनीच्या कागदांवर मुळातच थोडी होती. गावकऱ्यांना पुढे टॅक्सीच्या काउंटरसाठी भांडावे लागले.

आणि मोपाशेजारी सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ आहेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो वाजतगाजत सुरू झाला. छोट्या मार्गांना सरकारी अनुदान देणाऱ्या उडान योजनेची मुदत संपल्यावर मुंबईचे विमान बंद पडले. तेव्हा ‘विमानतळ आला की भाव आलाच’ असे कुणी सांगितले तर सिंधुदुर्गातल्या माणसाला विचारून पाहा. पुरंदरचे तसे होईल असे मला वाटत नाही. पुण्याचा सध्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा, तिथली जागा संपली आहे, आणि पुण्याला प्रवाशांची वानवा नाही. पण उशीर होईल, तो धरूनच चाला.

तुमच्यापुढे आहे रोख रक्कम आणि संमती दिली तर १० टक्के विकसित भूखंड. घरात एक पगार असेल तर भूखंड विकू नका. कर्ज डोक्यावर असेल तर रोखीतून आधी ते फेडा, बाकी हिस्सेदारांत वाटण्याआधी दुसरीकडे जमीन बघा. भूखंड कोणत्या गटात, कोणत्या रस्त्यावर आणि किती महिन्यांत, हे करारात लिहून घ्या. ‘विमानतळालगत’ हा शब्द चालणार नाही. परवाने आणि नोकऱ्या सातही गावांनी एकत्र मागाव्यात, एकेकट्याला कुणी विचारत नाही.

संयुक्त मोजणीच्या दिवशी मात्र घरातले कुणीतरी जाणते माणूस बांधावर असू द्या. अंजिराचे झाड, सीताफळ, विहीर, पाइपलाइन, गोठा, सगळे वेगळे मोजले जाते, आणि पंचनाम्यात जे उतरले नाही ते नंतर कुठल्याच टेबलावर सापडत नाही.