24,250 रुपयांचा फोर्क, आणि त्यात हवा भरायला जागाच नाही

24,250 रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण ज्याला ज्याला हे सांगितलं त्याचा पहिला प्रश्न "किती गेले?" आणि दुसरा "सायकलच्या पार्टचे?" हो, सायकलच्या पार्टचे: फोर्कचे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या, धक्के झेलणाऱ्या दांडीचे. हसून झालं असेल तर पुढे वाचा, कारण मला फसवणारा तो माणूस अजून विकतोय.

सेकंडहँड मालाच्या नावाने कसं गंडवतात हे तुम्हाला माहीत आहे, तसं मलाही होतं. लष्करात असल्याचं सांगणारे, "क्यूआर स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील" म्हणणारे, असले मी दोन वाक्यांत ओळखते आणि ब्लॉक करते. हा तसला नव्हता. ह्याला सायकलीतलं कळत होतं, बहुतेक माझ्यापेक्षा जास्त.

माझी 29 इंची हार्डटेल आहे, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे असलेली सायकल. पुढे कंपनीने दिलेला कॉईलचा फोर्क. नाशकात पांडवलेणीच्या मागच्या अंगाने किंवा चामर लेणीच्या बाजूने मुरूम आणि सुट्या खडीवरून कधी उतरला असाल तर तो फोर्क हाताला काय करतो ते तुम्हाला ठाऊक असेल. त्यातून माझं वजन 54 किलो. त्यातली स्प्रिंग माझ्यापेक्षा बऱ्याच जड माणसाच्या हिशोबाने घातलेली, माझ्याखाली ती धड दबतसुद्धा नाही. पावसाळ्यात सीलमधून चिखल आत जातो, दिवाळीपर्यंत नळ्यांवर गंजाचे ठिपके. एअर फोर्कमध्ये आपल्या वजनाप्रमाणे हवा कमी-जास्त करता येते, म्हणून मला तो हवा होता. हे एवढ्यासाठी सांगतेय की "गरज काय होती?" हा प्रश्न घरातून, शेजारून आणि थेट पोलीस चौकीतूनसुद्धा आलेला आहे. गरज होती.

रॉकशॉक्स रेकॉन गोल्ड ह्या नव्या एअर फोर्कची किंमत दुकानदाराने 38,000 सांगितली, वर दीड महिना थांबा म्हणाला. माझ्या हातात भिशीचे 20,000 आले होते. त्याच आठवड्यात जाहिरात दिसली: रेकॉन गोल्ड, 29 इंच, 120 मिलीमीटर, एक सीझन वापरलेला, 21,500. विकणारा मूळचा सोलापूरचा, नोकरीला बंगळुरात, असं त्याने सांगितलं. मराठी अगदी आपलं.

आणि पहिल्याच फोनवर तो मला विकायला नाही म्हणाला. "ताई, आधी तुमच्या हेडट्यूबचा फोटो पाठवा. हा टेपर्ड स्टिअरर आहे, सरळ हेडट्यूब असेल तर बसणार नाही, उगाच पैसे घालवू नका." हेडट्यूब म्हणजे फ्रेमची पुढची नळी, स्टिअरर म्हणजे तिच्यातून वर जाणारा फोर्कचा दांडा, आणि टेपर्ड म्हणजे खाली जाड होत जाणारा. मग चाकाचा ॲक्सल, म्हणजे आस, विचारला. माझा 15 बाय 110 चा थ्रू-ॲक्सल आहे म्हटल्यावर, "मग बसेल." मग म्हणे स्टिअरर कापलेला आहे, 185 मिलीमीटर उरलाय, हेडट्यूब, हेडसेट (तिथली बेअरिंग) आणि स्टेम (हँडल धरणारा तुकडा) मोजून मगच हो म्हणा. मी टेप घेऊन मोजत बसले! दुकानात इतकं कोणी विचारत नाही. 50 तास चालवल्यावर करायची सर्व्हिस कधी केली, सील कधी बदलले, सगळं न अडखळता सांगत होता. आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर कोण संशय घेईल? जो गिऱ्हाइकाला "घेऊ नका" म्हणतो तो सगळ्यात आधी खरा वाटतो. तेच त्याचं भांडवल.

तरीही मी तपासलं. सिरीयल नंबर मागितला, त्याने क्राउनवरच्या, म्हणजे दोन नळ्या जोडणाऱ्या वरच्या भागावरच्या, नंबरचा जवळून काढलेला फोटो पाठवला. रॉकशॉक्सची मालकी स्रॅम ह्या कंपनीकडे आहे, त्यांच्या साइटवर नंबर टाकला की मॉडेल कळतं. टाकला. रेकॉन गोल्डच निघाला. नंबर खरा होता, फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी फोर्कचा. म्हणून सांगते, सिरीयल नंबर, तुमच्या नावाची चिठ्ठी आणि अख्खा फोर्क, वरपासून ड्रॉपआउटपर्यंत (चाक बसतं ती खालची खाच), एकाच फोटोत मागा. वेगवेगळे फोटो आले की तिथेच फोन ठेवा.

चिठ्ठीचा फोटोही मी मागितला होता. आला. फरशीवर आडवा फोर्क, क्राउनवर माझं नाव आणि तारीख लिहिलेला कागद, खालचा अर्धा भाग वर्तमानपत्रात गुंडाळलेला, "पॅकिंग सुरू केलंय ताई". आणि डाव्या नळीच्या डोक्यावर एक काळा नॉब. त्यावर अधिक आणि उणे अशी खूण.

ह्या फोटोकडे मी आजही बघते आणि जीव जळतो. अधिक-उणेचा नॉब म्हणजे प्रीलोड, स्प्रिंग आधीच थोडी आवळून ठेवायची सोय. प्रीलोड स्प्रिंगला असतो. रेकॉनच्या डाव्या नळीवर एक टोपण असतं, ते फिरवून काढलं की खाली हवेचा व्हॉल्व्ह, त्याला शॉक पंप लावायचा. तिथे नॉबचं कामच नाही. आणि हे मला माहीत होतं! माझ्या स्वतःच्या सायकलीवर तोच नॉब आहे, मी रोज बघते. मी फोटो मोठा करून पाहिला, आणि त्याला विचारलंसुद्धा: "डावीकडे प्रीलोडसारखं काय दिसतंय?" उत्तर दोन मिनिटांत आलं. "मूळ एअर कॅप राईडवर पडली ताई, दुसऱ्या फोर्कची टोपी बसवलीय. आत व्हॉल्व्ह ओरिजिनल आहे. हवी तर 200 कमी करतो."

एअर कॅप हरवतात हे खरं आहे. माझ्या ओळखीत दोघांच्या हरवल्यात, एकाने बाटलीचं बूच लावलंय. त्यामुळे उत्तर पटलं. वर मी मोठेपणाने 200 रुपयेही सोडले, म्हटलं राहू दे. फक्त एवढं म्हणायला हवं होतं की टोपी काढ आणि आतल्या व्हॉल्व्हचा फोटो पाठव. दहा सेकंदांचं काम. समोरच्याचं स्पष्टीकरण पटण्यासारखं असलं तरी फोटो मागाच, पटण्यासारखं असेल तर आणखी आधी मागा.

पैसे असे गेले: टोकन 5,000. कुरिअरच्या पावतीचा फोटो आल्यावर उरलेले 16,500. कुरिअरचे 950. आणि खोकं वाटेत असताना, "ॲक्सल टेबलावरच राहिला ताई, वेगळा पाठवतो, पण तो माझ्या दुसऱ्या फोर्कचा नवा आहे, 1,800 द्या." दिले. तो ॲक्सल अजून यायचाय. यूपीआयवर नाव बाईचं दिसत होतं, विचारल्यावर "मिसेसचं खातं". आपल्याकडे निम्मे व्यवहार असेच चालतात, त्यात मला वावगं वाटलं नाही. आता सांगते, आधारवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नसेल तर व्यवहार करू नका, मिसेस असोत नाहीतर मेहुणे.

खोकं आलं ते मी घरी उघडलं नाही, थेट मेकॅनिककडे नेलं. त्याने वर्तमानपत्र सोडवलं, नॉब उपसून काढला, हातात शॉक पंप घेऊन आत बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, ह्याच्यात हवा भरायला जागाच नाही."

जुना कॉईल फोर्क, वर रेकॉनचे स्टिकर. कोपरा नखाने उचलला तर सुटून आला. रेकॉनच्या नळ्या 32 मिलीमीटरच्या, ह्याच्या व्हर्निअरवर 28. रेकॉन गोल्डच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या, ह्यांना लोहचुंबक टपकन चिकटला. स्टिअरर सरळ, म्हणजे माझ्या टेपर्ड हेडट्यूबला तसा बसणारच नाही. ड्रॉपआउट 9 मिलीमीटरचे, जुन्या क्विक रिलीजचे. खालचा भाग वर्तमानपत्रात का होता ते तेव्हा कळलं. फोन लावला तर ब्लॉक.

आता पुढचं. पैसे गेल्याचं समजलं की पहिल्या तासात सायबर फसवणुकीच्या 1930 ह्या हेल्पलाइनला फोन करा आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका, यूपीआयचा 12 आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. मी केलं, पोचक्रमांकही मिळाला. पण माझे पैसे देऊन आठवडा उलटला होता, कारण खोकं यायला तेवढा वेळ लागला. त्याच्या खात्यात शिल्लक सापडली 640 रुपये. ते गोठवलेत. मला सांगण्यात आलं की ते 640 परत हवे असतील तर न्यायालयाचा आदेश आणा.

चौकीत गेले. टेबलामागच्या साहेबांनी सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न: "पुढच्या दांडीचे चोवीस हजार? एवढ्यात आख्खी सायकल येते ना ताई?" शेजारचा हसला. मी फोर्क सोबत नेला होता, तो टेबलावर ठेवून 32 आणि 28 समजावत होते आणि साहेब म्हणत होते, "पण वस्तू तर आली की तुम्हाला." मग तो शब्द आला, जो नंतर सगळीकडे ऐकला: सिव्हिल मॅटर. वस्तू मिळाली, दर्जाबद्दल तक्रार आहे, दिवाणीत जा.

तेव्हा उलगडलं की त्याने खोक्यात कचरा तरी का पाठवला. पैसे घेऊन गायब झाला असता तर सरळ फसवणूक. आता त्याच्याकडे कुरिअरची पावती आहे, माझी सही आहे, वजन आहे. भंगारातला तो फोर्क म्हणजे त्याचा जामीनच. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, पावतीवरच्या नंबरपासून ते आतल्या वस्तूपर्यंत, मध्ये कट नको. आमच्या मेकॅनिकच्या पोराने मजा म्हणून काढला होता, तेवढाच माझा पुरावा.

मी म्हटलं, खोटा नंबर दाखवून, खोटे स्टिकर लावून विकणं ही भारतीय न्याय संहितेच्या 318 मधली फसवणूक आहे, दर्जाची तक्रार नाही. आणि हद्दीबाहेरचा गुन्हा असला तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 प्रमाणे नोंदवून घ्यायचा असतो. उत्तर: "कलमं आम्हाला शिकवू नका." सायबरवाल्यांकडे जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले रक्कम लहान आहे, तुमच्या चौकीतच होईल. चौकी म्हणाली आरोपी बंगळुरात. बंगळुरात आहे हे तरी कोणी पाहिलंय? मीच काय ते त्याच्या तोंडून ऐकलंय! शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला, गुन्हा नोंदवला नाही. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय उठू नका, नाहीतर पुढच्या वेळी "कुठला अर्ज?"

बँकेचं उत्तर इंग्रजीत, छापील. व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केलेला असल्याने जबाबदारी आमची नाही. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं जे परिपत्रक सगळे फॉरवर्ड करत असतात, तीन दिवसांत कळवा आणि पैसे परत मिळवा, ते तुमच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी होतं. आपण फसून स्वतः दिलेले पैसे त्यात येत नव्हते. बँकेचं उत्तर पटत नसेल किंवा 30 दिवसांत आलंच नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, मी गेलेय, बघू. पण मला हे समजत नाही की समोरच्याचं खातं ज्या बँकेत आहे तिने त्याची केवायसी केली होती ना? पॅन, आधार, फोटो सगळं त्यांच्याकडे आहे. तो कोण आहे हे त्या बँकेला नक्की माहीत आहे, आणि ती मला सांगते की पोलिसांनी पत्र पाठवलं तर देऊ. पोलीस म्हणतात गुन्हा नोंद असेल तर पत्र पाठवू. आणि गुन्हा नोंदवायचा तर आरोपीचं नाव-पत्ता आणा!

घरचं विचारू नका. सासरे सोडून सगळ्यांचं बोलून झालंय.

जमत असेल तर सेकंडहँड पार्ट आपल्याच शहरात, समोरासमोर घ्या, खिशात व्हर्निअर, लोहचुंबक आणि शॉक पंप ठेवून. पंप लावा, हवा भरा, दाबून बघा, मग पैसे. बाहेरगावचा असेल तर त्याच्या गावातल्या एखाद्या दुकानात न्यायला सांगा आणि दुकानदाराशी स्वतः बोला, नंबर तुम्ही शोधलेला हवा, त्याने दिलेला नको. खरा विकणारा कुरकुर करेल पण जाईल.

काल रात्री तीच जाहिरात परत दिसली. नाव दुसरं, गाव हैदराबाद, किंमत 19,000, फरशी तीच. डावीकडचा नॉब ह्या वेळी फोटोतून कापलाय. मी रिपोर्ट केलं, पुरावे जोडले. सकाळी उत्तर आलं की तपासणीत नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. रेकॉन गोल्ड, 29 इंच, 120 मिलीमीटर, "एक सीझन वापरलेला" असं कुठे दिसलं तर टोपी काढून व्हॉल्व्ह दाखव म्हणा, आणि काय उत्तर देतो ते मलाही कळवा, स्क्रीनशॉटसकट. अर्जाला जोडायचे आहेत.